घरी केलेली कॉफी कधी कडू, तर कधी आंबट का होते?

त्याच बिया मिक्सरमध्ये दळून, तेवढेच पाणी घालूनही फ्रेंच प्रेसमधली (जाळीचा दांडा दाबून पूड खाली बसवायच्या भांड्यातली) कॉफी एके दिवशी कडू आणि दुसऱ्या दिवशी आंबट का लागते, आणि त्यासाठी महागडे यंत्र घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की यंत्र घेऊ नये. खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या ग्राइंडरवर करावा.

गरम पाणी पुडीला लागले की तिच्यातले सगळे घटक एकदम उतरत नाहीत. आम्ले लवकर उतरतात, त्यानंतर गोडवा देणारे घटक येतात आणि कडवट, तुरट घटक सर्वांत उशिरा बाहेर पडतात. भाजलेल्या बीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. मात्र बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्केच भाग उतरावा, हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या १९५० च्या दशकातील कामापासून रूढ झालेला दंडक आजही उपयोगी पडतो. त्याहून कमी उतरले तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरले तर कडू.

आता मिक्सरकडे पाहू. त्याचे पाते बिया दळत नाही, तोडते. त्यामुळे एकाच दळणात पिठासारखी भुकटी आणि जाड तुकडे दोन्ही निघतात. भुकटीतून गरजेपेक्षा जास्त अर्क उतरतो आणि तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पुरेसे पोहोचतच नाही, म्हणून एकाच कपात कडूपणा आणि आंबटपणा एकत्र येऊ शकतात, आणि दोहोंचे प्रमाण रोज बदलत असल्याने चवही रोज बदलते. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारा ग्राइंडर, अगदी हाताने फिरवायचा असला तरी, बऱ्यापैकी एकसारखे दळण देतो. माझ्या दृष्टीने घरच्या कॉफीत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही.

प्रमाण चमच्याने न मोजता वजनाने मोजावे, कारण गडद भाजलेली बी फुगून हलकी होते आणि तोच चमचा वेगळे वजन देतो. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम, म्हणजे ३०० मिलिलिटरला १८ ग्रॅम, हे सुरुवातीसाठी योग्य आहे. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे. फिकट भाजणीला उकळी फुटताच ओतले तरी चालते, गडद भाजणीसाठी मात्र ते थोडे निवू द्यावे. पाणी फार जड असेल तर त्यातले क्षार आम्ले मारून टाकतात आणि चव मातकट होते, याकडेही लक्ष असू द्यावे.

दळण जाडसर ठेवून चार मिनिटे थांबावे आणि चव घ्यावी. आंबट लागली तर पुढच्या वेळी थोडे बारीक दळावे, कडू लागली तर थोडे जाड. बाकी काहीही बदलू नये, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला हे कळत नाही. दांडा दाबल्यावर सगळी कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी. खाली दाबलेल्या पुडीतून अर्क उतरतच राहतो, आणि दुसरा कप पहिल्यापेक्षा कडू लागण्याचे कारण बहुधा तेच असते.