नवे एचओ इंजिन अडखळते आणि टकटक वाजते. दोष रुळांचा की कारखान्याचा?

आपण विचारले आहे की परदेशातून मागवलेले एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले, नवे डिझेल इंजिन सावकाश चालवताना मधूनच थांबते आणि टकटक वाजते, तर ते परत पाठवावे का. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत.

इंजिन दरवेळी एकाच जागी थांबत असेल तर रूळ मळले आहेत किंवा त्यांचा जोड ढिला आहे. जागा बदलत असेल, तर चाकांवरून वीज घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या तपासाव्यात. इंजिन मऊ कापडावर उलटे ठेवून कंट्रोलरच्या तारा प्रत्येक चाकाला आळीपाळीने लावल्या, की कोणते चाक वीज घेत नाही ते समजते. आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी सुरई उचलताच थांबते, कारण तिची रचनाच तशी आहे. आपल्या इंजिनात मात्र पट्टी चाकाला नीट टेकत नसावी. माझ्याकडच्या बहुतेक नव्या इंजिनांत दोष इथेच निघाला आणि महाराज बाड्यावरच्या घड्याळजीकडून आणलेल्या चिमट्याने पट्टी केसभर वाकवताच तो गेला. एवढ्यासाठी इंजिन परत पाठवू नये.

टकटकीची गोष्ट गंभीर आहे. चाकावर पेनाने खूण करून आवाज मोजा. प्रत्येक फेऱ्याला एकदाच आवाज होत असेल, तर आसावर दाबून बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर चिरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. गिअरचे भोक आसाच्या मानाने फार घट्ट राहिले की प्लॅस्टिक सतत ताणाखाली असते आणि अखेर तडकते. चिरेपाशी दोन दातांतले अंतर वाढते आणि ती जागा शेजारच्या गिअरच्या दातांत आली की टक असा आवाज येतो. दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास चालवल्याने नव्या इंजिनाचे ग्रीस पसरते, पण चीर मिटत नाही, आणि अशा गिअरच्या प्लॅस्टिकवर गोंदही धरत नाही. मी स्वतः परतीची मुदत चिकटवाचिकटवीत घालवली. तोवर त्या खेपेचे सुटे भाग संपले होते आणि ते इंजिन आजही बंद आहे.

आवाज फक्त सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या पॉइंटवर, येत असेल तर चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर व्हर्नियरने मोजा. १६.५ मिलिमीटरच्या रुळांसाठी ते साधारण १४.५ मिलिमीटर हवे. कमी भरले तर चाके आसावर हलक्या हाताने सरकवता येतात.

गिअरच चिरलेला निघाला तर वरचे कवच उघडण्यापूर्वी चाकावरची खूण आणि आवाज दोन्ही येतील असा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवा. इंजिन परत धाडण्याचा खर्च आणि येताना पुन्हा सीमाशुल्काचा प्रश्न टाळायचा असेल, तर गिअरसह जोडलेली चाके तेवढी मागा, आणि सगळ्या आसांसाठी मागा, कारण एकाच खेपेतले बाकीचे गिअरही पुढे चिरू शकतात.