टेस्ट दोनदा निगेटिव्ह, पाळी ११ दिवस लेट, मग कारण काय असू शकतं?

तू लिहिलंयस की वय २६, पाळी एरवी ३० दिवसांनी येते, या वेळी ११ दिवस वर गेले, घरी दोनदा टेस्ट केली, दोन्ही वेळा एकच रेघ आली आणि तरी रात्री झोप लागत नाही. तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहेस. मी डॉक्टर नाही पण यातून स्वतः गेलेय, तेव्हा कोणी नीट समजावलं असतं तर माझे दोन महिने रडण्यात गेले नसते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी टेस्टचं. दुसऱ्या टेस्टला आठवडा झाला की अजून एकदा कर, सकाळच्या पहिल्या लघवीने. आणि टेस्ट काहीही येऊ दे, पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी आली किंवा खांद्यात कळ आली तर सरळ हॉस्पिटल गाठ, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतू शकतं. ही तिसरी टेस्टही निगेटिव्ह आली की प्रेग्नन्सीचा विषय बाजूला ठेव.

आता खरी गोष्ट, जी मला तेहतिसाव्या वर्षी कळली. पाळी लेट होते म्हणजे बहुतेक वेळा स्त्रीबीज उशिरा बाहेर पडलेलं असतं किंवा त्या महिन्यात पडलेलंच नसतं. बीज बाहेर पडलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, हा भाग फारसा हलत नाही, हलतो तो त्याच्या आधीचा. तुझा आज ४१वा दिवस, एरवी तुझं बीज १६-१७व्या दिवशी पडत असणार, म्हणजे गडबड झाली ती साडेतीन आठवड्यांपूर्वी. आपण सगळ्याजणी या आठवड्यात काय खाल्लं, काय उचललं हे शोधत बसतो, पण तू कॅलेंडर घे आणि तेव्हाचं आठव. ताप आला होता का, डेंग्यू वगैरे? परीक्षा, इंटरव्ह्यू, घरात कोणी गेलं, नाइट शिफ्ट सुरू झाली? मेंदूला वाटलं की शरीरावर संकट आहे तर तो अंडाशयाला पाठवायचा निरोप थांबवतो, सगळा खेळ तिथूनच चालतो. डाएट केलं असशील, एका महिन्यात पाच-सहा किलो उतरवले, जेवण कमी आणि जिम जास्त, तरी हेच होतं, आणि वजन भराभर वाढलं तरीही.

आणि गोळ्या. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझं घोडं इथेच अडलं होतं.

माझी पाळी दोन महिने आली नाही. टेस्ट निगेटिव्ह, घरात सगळे गोड बातमीची वाट बघतायत, आणि मी बाथरूमचं दार लावून रडतेय. गायनॅककडे गेले, त्या म्हणाल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हटलं काहीच नाही. त्यांनी परत विचारलं, अ‍ॅसिडिटीची, झोपेची, डोकेदुखीची, काहीही? तेव्हा पर्समधून स्ट्रिप काढली, कात्रीने कापलेला चार कॅप्सूलचा तुकडा, नाव अर्धंच राहिलेलं. त्यांनी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. डॉक्टरांनी मूळ लिहून दिली होती १० दिवसांसाठी, मी मेडिकलमध्ये जुनी स्ट्रिप दाखवून चार महिने घेत होते. त्यातलं ते दुसरं औषध प्रोलॅक्टिन वाढवतं. बाळाला पाजणाऱ्या बाईचं जे हॉर्मोन वाढलेलं असतं आणि त्यामुळे तिची पाळी थांबते, तेच. माझा रिपोर्ट ९६ आला, नॉर्मल साधारण २५च्या आत लागतो. मग आठवलं की ब्लाउजला आतून छोटे चिकट डाग पडायचे आणि मी ते घामाचे समजून धुऊन टाकत होते. त्यांच्या सांगण्यावरून गोळी बंद केली, तीन आठवड्यांनी रिपोर्ट १८, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत पाळी आली.

डॉमपेरिडोनचंही असंच, पोटाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये असतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण ती मनाने अजिबात बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं. दुसऱ्या म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की आपल्याकडे मावशी-काकू सर्रास देतात. बंद केल्यावर सहसा दोन-तीन दिवसांत पाळी येते, पण तारखांचं गणित तिथून पुढे सरकतं हे लक्षात घे. ७२ तासांवाली गोळी, म्हणजे संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात ती, घेतली असशील तरी पाळी आठवडाभर इकडेतिकडे होऊ शकते, आठवड्याच्या वर गेली तर मात्र परत टेस्ट. सरकारी दवाखान्यातली गर्भ न राहण्याची छाया गोळी, म्हणजे मेडिकलमध्ये मिळते ती सहेली, तिने पाळी लांबते आणि गर्भ न राहण्यासाठीच्या अंतरा इंजेक्शनने तर महिनोन्महिने येत नाही, हे त्या औषधांचंच काम आहे, आजार नाही.

थायरॉइड तपासून घे. थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठता, इतरांना उकडतंय आणि तुला थंडी वाजतेय असं असेल तर नक्कीच. टीएसएच म्हणून साधी रक्ततपासणी आहे.

पीसीओडीचं, म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याच्या त्रासाचं, नाव तर तुला चार मैत्रिणींनी सांगितलंच असेल. एक महिना लेट झाला म्हणजे पीसीओडी नाही गं. पाळी नेहमीच ३५ दिवसांच्या वर जात असेल, हनुवटीवर जाड केस, पिंपल्स, असं सगळं जुळून आलं तर विचार करायचा, नुसत्या सोनोग्राफीत बारीक गाठींसारखं दिसलं म्हणून शिक्का मारून घेऊ नकोस, तरुण मुलींमध्ये तसं दिसणं पुष्कळदा नॉर्मल असतं. पण खरंच असेल तर तीन-तीन महिने पाळीशिवाय राहू द्यायचं नाही, आतलं अस्तर जाड होत जातं, म्हणून डॉक्टर गोळी देऊन पाळी आणतात.

पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा, मी सगळं केलंय. बीजच बाहेर पडलं नसेल तर पपई बिचारी काय करणार, खायची तर आवडीने खा.

तुझं ११ दिवसांचं आहे, दुखत नाही, बाकी ठीक आहेस, तर तिसरी टेस्ट करून अजून दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही. पण छातीतून दूधासारखं येतंय, सतत डोकं दुखतंय किंवा नजर अंधुक झालीय, किंवा तीन महिने पाळीच नाही, तर लगेच दाखव. गर्भपात किंवा क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून साफ करणं, झालेलं असेल, घरात कोणाला टीबी झाला असेल, तर तेही न लाजता सांग, गर्भाशयाच्या टीबीने पाळी कमी कमी होत बंद पडलेल्या बायका आपल्याकडे आहेत. लग्न झालंय का असं विचारतील, त्याने बिचकू नकोस, खरं काय ते सांग, त्यावरच पुढच्या तपासण्या ठरतात.

आणि आज रात्री एक काम कर, औषधांची पिशवी काढ, प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागची नावं वाच, अ‍ॅसिडिटीची आधी. काय काय निघालं ते इथे खाली लिही, मी बघते.