माल्टात एका दिवसात पाच ठिकाणं होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंच माल्टाला जाताय, जुन्या गावांसाठी एक दिवस ठेवलाय, त्यात इम्दिना, रबात, मोस्ता, बिर्गू आणि जमलं तर शेजारचं गोझो बेटही उरकायचंय, तर गाडी भाड्याने घ्यावी का? वर तंबी, की 'निवांत फिरा' असं कुणी सांगू नका, एवढा खर्च करून जातोय.

होतील की. मुख्य बेट जेमतेम 27 किलोमीटर लांब. आमच्या वन्सं पाचही करून आल्यात, टूरच्या बसमधून. इम्दिना कसं होतं विचारलं तर म्हणतात, "दरवाजा छान होता." दरवाजा छानच आहे, 1724 चा, वर सिंहबिंह कोरलेले. पण तो आत जाण्यासाठी बांधलाय.

आम्ही दोघं त्याच बेटावर गेलो तेव्हा त्यातला एक अख्खा दिवस फक्त रबात आणि इम्दिनाला दिला. ही तशी एकमेकांना चिकटलेलीच, मध्ये तटाबाहेरचा खंदक. तरी वन्सं आजतागायत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला चारचौघांत सांगतात, "यांनी एवढे पैसे घालून दिवसात दोनच गावं बघितली!" म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

सकाळी राजधानी व्हॅलेटाहून बसने रबातला उतरलो. आधी सेंट पॉलची भुयारी दफनं पाहिली. खडकातच खोदलेली गोल टेबलं आहेत, भोवती टेकून बसायला अर्धगोल ओटा, तोही त्याच खडकातला. मृताची आठवण म्हणून नातेवाईक तिथे जेवत. आमच्या मागून एक मोठा घोळका आला, गाइडने घड्याळ दाखवलं, घोळका गेला. आम्ही टेबलाच्या कडेला ठेवलेला काठ नीट बघत उभे. मग वर येऊन पास्तित्सी खाल्ल्या. रिकोटा चीजची मधोमध उघडी असते, वाटाण्याची एका बाजूने दुमडलेली, थेट खारीच्या पापुद्र्यांची करंजी. हातात कागद, बोटांना तूपकट चुरा, रस्त्याच्या कडेला उभ्याने. स्वस्त आणि पोटभरीचं.

तिथून इम्दिनाकडे निघालो आणि वाटेतच आमचा दिवस 'वाया' गेला. एका गल्लीत एक गवंडी भिंतीतला झिजलेला दगड काढून नवा बसवत होता. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उभा जन्म काळ्या पाषाणाशी झटापट केलेली. हा माणूस दगड चक्क करवतीने कापतोय हे बघून ते जागचे हलेनात. माल्टात इंग्रजी बहुतेकांना येतं, त्यामुळे दोघांची लगेच गट्टी जमली. गवंड्याने एक तुकडा यांच्या हातात दिला, म्हणाला, नख लावून बघा. मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, ताजा असताना मऊ, हवा लागली की वरचा थर कडक होतो. पण समुद्राचा खार आणि वारा त्याला आतून पोखरतो, मग भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. हे कळल्यावर पुढची प्रत्येक भिंत आम्ही हात लावून पाहिली. कुठला दगड जुना, कुठला बदललेला, हे मलाही ओळखता यायला लागलं. बसमधून हे दिसत नाही, वन्सं.

इम्दिनात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. आत राहणारे लोक तीनशेसुद्धा नाहीत, बाहेरच्या गाड्यांना बंदी. दिवसभर टूरवाल्यांची झुंबड असते, पण संध्याकाळी ते सगळे बसच्या वेळेला बांधलेले. मग गल्ल्या आपल्याच. सेंट पॉलचं कॅथेड्रल 1693 च्या भूकंपात बरंचसं पडलेल्या जुन्या चर्चच्या जागी उभं राहिलंय. तटावर जाऊन बसलो. समोर अख्खं बेट, मोस्ताच्या चर्चचा तो घुमटही तिथूनच दिसला. त्या घुमटातून 9 एप्रिल 1942 ला बॉम्ब आत पडला आणि फुटला नाही, ही गोष्ट वन्संकडून आम्हाला तोंडपाठ आहे, त्यामुळे ते गाव गाळल्याची खंत नाही.

बिर्गूचा वेगळा दिवस ठेवा, निदान सकाळ. व्हॅलेटाहून लिफ्टने खाली उतरायचं आणि छोट्या होडीने खाडी ओलांडायची, बंदराचे सगळे किल्ले पाण्यातून दिसतात. 1530 मध्ये नाइट्स, म्हणजे सेंट जॉनच्या पंथाचे लढवय्ये, आले ते आधी इथेच राहिले, 1565 चा तुर्कांचा वेढा इथेच सोसला, व्हॅलेटा त्यानंतरची. इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा वाडा चुकवू नका. कैद्यांनी कोठडीच्या भिंतींवर कोरलेल्या खुणा अजून आहेत.

गाडीचं म्हणाल तर नको. तिथे डावीकडूनच चालवतात, तेवढी सोय आहे, पण गल्ल्या अरुंद आणि पार्किंगच्या नावाने बोंब. बसचं तिकीट दोन तास चालतं.

आता हो, तुम्ही क्रूझने येत असाल आणि हातात एकच दिवस असेल, किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील, तर टॅक्सी करा, मी काही म्हणणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी त्या दगडी गल्ल्यांत भाजून निघाल, तेव्हा वन्संची एसी बस बरी. चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा बघायला जाऊ नये. शुद्ध शाकाहारी असाल तर पास्तित्सीच्या पारीत चरबी आहे का हे विचारून घ्या, मी वर कौतुकाच्या भरात सांगायची राहिले.

आणि गोझो त्याच दिवशी? मुळीच नको. चिर्केव्वाच्या धक्क्याहून फेरीबोटीने पंचवीसेक मिनिटं लागतात, पण चिर्केव्वाला पोचायलाच बसने बराच वेळ जातो. त्या बोटीचे पैसे परतीच्या वेळी घेतात, जाताना नाही. वन्संना हे ठाऊक नसणार, त्यांचं तिकीट गाइडच्या खिशात होतं.