सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आधी ‘दऱ्या’ लिहून बघा

प्रश्न : जांबोटी भागातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी 12 जुने, छोटे लॅपटॉप दिलेत. रॅम 2 जीबी, साठवण 32 जीबी, विंडोज कसंबसं चालतं. पावसाळ्यात करंट आणि नेट दोन्ही बेभरवशाचं. मुलांनी मराठीत निबंध आणि कन्नडात पत्रं लिहावीत अशी इच्छा आहे. एक जण ॲबीवर्ड सांगतो, दुसरा लिबरऑफिस, तिसरा गूगल डॉक्स. काय घालू?
— एक शिक्षिका, ता. खानापूर

उत्तर : बाई, तिसऱ्याला आधी बाजूला बसवू. गूगल डॉक्स नेटशिवाय चालतं, पण त्याची सोय नेट असताना करून ठेवावी लागते, शिवाय खाती सांभाळायची. जांबोटीच्या पावसात हा व्याप कोण करणार?

ॲबीवर्ड अगदी हलकं. ‘मुलागणिक लॅपटॉप’ योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपला रॅम होती 256 एमबी, साठवण 1 जीबी. 2007मध्ये ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेतही आले होते. त्यांच्यातला लिहिण्याचा प्रोग्राम ॲबीवर्डवरच बेतलेला. पण विंडोजसाठी त्याच्या नव्या आवृत्त्या आता निघत नाहीत, आणि वर्डच्या फायली उघडताना मांडणी हलते. तुमची रॅम 2 जीबी आहे, मग इतकी काटकसर कशाला? विंडोजच्या जागी हलकं लिनक्स घाला आणि लिबरऑफिसमधलं फक्त रायटर, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्राम. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ते एकटंही बसवता येतं.

आता माझं दुखणं सांगतो. बेळगावच्या शहापुरात मी 19 वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, स्मरणिका. एका शाळेची 80 पानी स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली, आणि दुसऱ्या छापखान्यात फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. तीन रात्री परत टाइप केलं. तेव्हापासून युनिकोडशिवाय, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहतं त्या पद्धतीशिवाय, मी एक अक्षर लिहीत नाही. तुमच्या पोरांनाही तीच सवय लागू दे.

लॅपटॉप हातात आला की ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲप’ एवढं लिहा. ‘ऱ्या’ तुटून आला तर फॉन्ट बदला. रायटरच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा. काही फॉन्टांत तेवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळण सोडून आपल्या वळणाने उमटतात. पहिलीच्या पोरांना हा फरक लगेच कळतो, मोठ्यांना नाही.

टायपिंगला मात्र इनस्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची ठरावीक मांडणीच शिकवा. रोमन अक्षरांतून मराठी लिहायला लावू नका, पोरं ‘ळ’ आणि ‘ल’ एक करून टाकतात. आणि आपल्या सीमाभागाला इनस्क्रिप्टचा फायदा दुप्पट : मराठी ‘क’ ज्या कळीवर, कन्नड ‘क’ही त्याच कळीवर. ‘ळ’ दोन्हीकडे शिफ्ट दाबून एन. ऱ्हस्व ए-ओसारख्या कन्नडच्या खास खुणा तेवढ्या वेगळ्या. मुलाने एकदा बोटं बसवली की दोन्ही पेपरांना उपयोगी. हे आमच्या लहानपणी असतं तर कन्नडच्या बाईंचा मार निम्मा वाचला असता!

जुन्या बॅटऱ्या अचानक दगा देतात. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, लोड/सेव्हखाली, दर 10 मिनिटांनी जतन करण्याचा आकडा असतो, तो 2 करा. फायली ओडीटीत, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या प्रकारात ठेवा. छापायला देताना पीडीएफ द्या, नाहीतर माझ्यासारखं तीन रात्री जागाल.

कळांवर चिकटवायला मी दुकानातल्या शिकाऊ पोरांसाठी मराठी-कन्नड अक्षरं साध्या कागदावर छापून सेलोटेपने लावली होती. महिनाभरात निम्मी निघाली. तोवर पोरं खाली बघायची थांबली होती.