वाचकांचे प्रश्न : जलतरंग, काचेचे पेले, थेरेमिन आणि घुमट

प्रश्न : घरातल्या चिनी मातीच्या वाट्यांचं जलतरंग लावते आहे. दोन वाट्या काही केल्या सुरात येत नाहीत आणि एकीतून दोन सूर एकदम ऐकू येतात. काय चुकतं आहे? (सांगली)

पाणी वाढवलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. म्हणजे पाण्याने वाटी फक्त उतरवता येते. रिकाम्या वाटीचा जो सूर, त्याच्या वर ती कधीच जाणार नाही. तुमच्या दोन हट्टी वाट्या रिकाम्याच हव्या त्या स्वरापेक्षा उतरलेल्या असणार. त्यांच्याशी झगडू नका; खालच्या स्वरासाठी वापरा आणि या जागी जरा लहान किंवा जाड वाटी आणा.

निवड करताना वाटी रिकामी वाजवून पाहा. ती हव्या स्वरापेक्षा एक ते दोन अर्धस्वर चढी असेल तर उत्तम. वाटीचा काठ थरथरतो, तळ जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे तळाशी ओतलेल्या पाण्याचा सुरावर परिणाम नगण्य, काठाजवळच्या पाण्याचा भरपूर. निम्मी वाटी भरेपर्यंत सूर जेमतेम हलतो आणि पुढे झपाट्याने घसरतो. म्हणून अंदाजे पाणी तांब्याने ओता, पण शेवटची जुळवणी ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने करा. अगदी काठोकाठ भरायची वेळ आली तर ती वाटी बदला. आवाज बसका होतो, आस (आघातानंतरची गुंज) टिकत नाही आणि पाणी सांडतं ते वेगळंच.

आता दोन सुरांची वाटी. आधी तडा आहे का पाहा. तडा असेल तर आवाज चरचरतो आणि लगेच मरतो, त्यावर इलाज नाही. तडा नसेल आणि आवाज डोलत असेल, तर वाटीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नाही. अशा वाटीत जवळजवळचे दोन सूर असतात आणि ते काठावर ४५ अंशांच्या अंतराने स्वच्छ मिळतात. वाटी थोडी थोडी फिरवत काठ वाजवत जा. डोलणं जिथे थांबेल तिथे बाहेरून पेन्सिलची खूण करा आणि ती बाजू स्वतःकडे ठेवा. हेच कारण चहाच्या कपालाही लागू आहे. कपाच्या कानाच्या (धरायच्या कडीच्या) अगदी समोर वाजवा आणि मग कानापासून ४५ अंशांवर वाजवा : दुसरा सूर चढा येईल. कप जलतरंगात घेत नाहीत ते यामुळेच.

आणखी काही गोष्टी. नळाचं ताजं पाणी ओतल्यावर भिंतीला बारीक बुडबुडे चिकटतात आणि आवाज मंदावतो. ते ढवळून काढा किंवा पाणी आधी ओतून ठेवा. वाटीखाली मऊ कापडाची घडी हवी, नाहीतर बूड टेबलावर खडखडतं. पंखा बंद ठेवा. मोबाइलवरच्या ट्यूनरवर फार विसंबू नका : वाटीचे वरचे नाद मूळ सुराच्या पटीत नसतात, त्यामुळे आघाताच्या क्षणी काटा नाचतो. हलकं वाजवा, अर्धा सेकंद थांबा, मग वाचा. त्यापेक्षा तानपुरा लावून कानाने जुळवलेलं बरं. चमच्याने वाजवू नका, काठाचे टवके उडतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या बारीक काड्या घ्या.

प्रश्न : राग बदलला की सगळ्या वाट्या पुन्हा लावायच्या का? (ठाणे)

नाही, पण राग कोणत्या क्रमाने घ्यायचे याचा विचार आधी करावा लागतो. नवशिक्याने भूपापासून सुरुवात करावी : सा रे ग प ध, पुढे तार सप्तकातले सा रे ग, अशा ८ वाट्या पुरतात. मोठी वाटी डावीकडे, लहान उजवीकडे, सगळ्या अर्धगोलात. भूपातून शिवरंजनीत जायचं तर फक्त दोन्ही गंधार कोमल करायचे, म्हणजे थोडं पाणी घालायचं. दुर्गेत जायचं तर गंधाराच्या जागी शुद्ध मध्यम, म्हणजे पाणी काढायचं; आणि गंधाराची वाटी आधीच जवळजवळ कोरडी असेल तर तिथेच गाडी अडली. म्हणून जाणकार वादक एकदोन वाट्या जास्तीच्या लावून ठेवतात.

मींडेबद्दलही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याबद्दलही, विचारलं आहे. आघातानंतर काडीचं टोक पाण्याला टेकवून सूर जरासा हलवता येतो, त्यापलीकडे नाही. जलतरंगाची खरी गंमत झाल्यात, म्हणजे भराभर आघातांच्या वादनात, आणि द्रुत लयीत आहे. विलंबित आलापाचा अट्टहास या वाद्यावर केविलवाणा वाटतो. पुण्याच्या मिलिंद तुळाणकर यांचं वादन जरूर ऐका.

प्रश्न : काचेच्या पेल्यांवर ओलं बोट फिरवतात, तेही जलतरंगच का? (बेळगाव)

नाही. तिथे आघात नसतो, घर्षण असतं. बोट काठाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं आणि त्यातून सलग सूर निघतो. पाण्याचा नियम मात्र तोच. आवाज निघत नसेल तर हात साबणाने धुवा. बोटाला तेलाचा अंश असला की काच गप्प बसते. दाब कमी, वेग बेताचा. १७६१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी काचेचे वाडगे एका आडव्या दांड्यावर ओवून फिरते केले, त्यामुळे पाण्याची गरजच उरली नाही आणि एकाच वेळी अनेक स्वर धरता येऊ लागले. मोझार्टने १७९१ मध्ये या वाद्यासाठी रचना केली आहे.

प्रश्न : थेरेमिन घेतलं आहे. भाऊ खोलीत आला की बेसूर होतं. वाद्य बिघडलं आहे का? (नाशिक)

वाद्य ठीक आहे, भावाला लांब बसवा. थेरेमिन हे हात न लावता, अँटेनाजवळ हात हलवून वाजवायचं विजेवरचं वाद्य; त्यात ऐकू न येणारी दोन उच्च कंपनं असतात. समजा एक ३,००,००० हर्ट्झचं आणि दुसरं ३,००,४४० : आपल्याला ऐकू येतो तो फक्त ४४० चा फरक. उभ्या अँटेनाजवळ हात नेला की त्यातलं एक कंपन सरकतं आणि सूर चढतो. वाद्याला हात आणि भाऊ यांतला फरक कळत नाही. लोखंडी कपाटही त्याला जाणवतं. सगळ्या बाजूंनी निदान मीटरभर जागा मोकळी ठेवा.

रोज वाजवण्याआधी काही मिनिटं वाद्य चालू ठेवून तापू द्या. मग जिथे उभं राहून वाजवणार तिथेच उभे राहा, उजवा हात खांद्याजवळ आणा आणि त्या स्थितीत सूर उतरत उतरत नाहीसा होईल अशी पिचची कळ फिरवा. उभे राहून मान डोलावलीत तरी सूर हलतो. लेव्ह तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास रशियात हे वाद्य बनवलं आणि क्लारा रॉकमोर यांनी त्यावर मैफली केल्या. त्यांचा डावा हात पाहण्यासारखा आहे. वळशाच्या अँटेनाजवळ तो नेला की आवाज कमी होतो. दोन स्वरांमधली नको असलेली घसरण त्यानेच झाकायची. आपल्याला मींडेची सवय, त्यामुळे ती घसरण सुरुवातीला गोडच वाटते. पण सुटा स्वर ठेवता आला नाही तर गाणं लोळत राहतं.

प्रश्न : घुमटाला (मातीच्या भांड्याला कातडं चढवलेलं तालवाद्य) घोरपडीचं कातडं कुठे मिळेल? बकऱ्याचं चतुर्थीच्या दिवसांत ढिलं पडतं. (सावंतवाडी)

कुठेच शोधू नका. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. ते कातडं विकत घेणंही गुन्हा आहे. गोव्यातही आता बकऱ्याचंच कातडं चढवतात.

ते घोरपडीपेक्षा जाड असल्याने आवाज बोथट येतो, म्हणून पातळ निवडा आणि केस काढल्यावर आतून समान खरवडून घ्या. भिजवून मऊ झालं की मोठ्या तोंडावर ताणून दोरीने करकचून बांधा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं तर कडेने आधी आक्रसतं आणि फाटतं. चतुर्थी येते पावसात, हवेतला दमटपणा कातडं शोषतं, त्यामुळे ढिलं पडणारच. आरतीआधी ते दिव्याच्या किंवा निखाऱ्याच्या उबेत हातभर लांबून धरा आणि सारखं फिरवत राहा. एकाच जागी आच लागली तर तेवढाच भाग कडक होतो. आरती झाली की घुमट कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, आणि जमिनीवर नको, उंचावर. मागचं लहान तोंडही तपासा. उघडझाप करणारा तळवा तिथे नीट बसत नसेल तर नाद बदलत नाही आणि दोष उगाच कातड्याला दिला जातो.