फाइलीचा मालक कोण, ते आधी बघा

प्रश्न: आमच्या वाचनालयाची वर्डप्रेसवरची वेबसाइट मी सांभाळते. कार्यक्रमांच्या कॅलेंडरचं प्लगइन घालायला गेले की एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली चढवायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड मागतं. भाचा म्हणतो, सगळ्या फोल्डरांना ७७७ परमिशन दे. देऊ का?
– एक वाचक, साखळी

उत्तर: नको, ताई. गोव्यातल्या कितीतरी मंडळांच्या, शाळांच्या साइट तुमच्यासारख्या एखाद्या हौशी माणसाच्या जिवावर चालतात, म्हणून कळकळीने सांगतो.

परमिशनमधला पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला किंवा फोल्डरात शिरायला १. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही सगळे हक्क. शेअर्ड होस्टिंगवर एकाच मशीनवर अनेकांच्या साइट असतात. जत्रेच्या रात्री देवळातली फंडपेटी उघडी टाकून घरी जाण्यासारखंच हे.

एवढं करूनही एफटीपी मागणारा तो फॉर्म बहुधा यायचा थांबणार नाही! वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल बनवून बघतं: तिचा मालक आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का? फाइली तुमच्या खात्याच्या आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) चालतं वेब सर्व्हरच्या नावाने (उबुंटूवर ते नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा), असं असलं की मालक जुळत नाहीत आणि एफटीपी मागितलं जातं. मूळ दुखणं मालकीत आहे.

तेव्हा होस्टिंगवाल्यांना विचारा: पीएचपी माझ्याच खात्याने चालवून द्याल का? तसं झालं आणि फाइलीही त्याच खात्याच्या असल्या, की फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ पुरतं. डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या डब्ल्यूपी-कॉन्फिगला तर ६०० द्या. ते नाहीच म्हणाले, तर प्लगइनची झिप होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगइन्स फोल्डरात टाका, तिथेच उघडा आणि डॅशबोर्डवरून ॲक्टिव्हेट करा. वर्षाकाठी एखादं प्लगइन घालणाऱ्या वाचनालयाला मला हाच रस्ता बरा वाटतो.

भाच्याने आधीच कुठे ७७७ दिलं असेल, तर आजच काढा. सरसकट सगळ्यांना ७५५ मात्र देऊ नका, फोल्डर आणि फाइली वेगवेगळ्या घ्या. मग अपलोड्स फोल्डर उघडून बघा. तिथे फोटो, पीडीएफ असायला हवेत. अनोळखी पीएचपी फाइल दिसली, तर कशालाही हात न लावता आधी होस्टिंगवाल्यांना कळवा.