गणित कच्चं असेल तर कॉम्प्युटर सायन्स ऑनर्स जमेल का?

जमेल, पण गणित टाळून नाही. कोडिंग येतं म्हणून बरेच जण ऑनर्स घेतात आणि मग डिस्क्रीट मॅथ्स (तर्क, संच, मोजणी यांचं गणित), ऑटोमाटा (कॉम्प्युटरची कागदावरची गणिती मॉडेल्स), अल्गोरिदमची प्रूफं आली की गडबडतात, कारण तिथे प्रोग्रॅम चालला एवढ्यावर भागत नाही, तो का चालतो ते लिहून दाखवावं लागतं. साधं बायनरी सर्च घ्या, म्हणजे दर वेळी मधलं नाव बघून नको ती अर्धी यादी सोडून द्यायची, क्रमाने लावलेल्या 10 लाख नावांत जास्तीत जास्त 20 तुलनांत हवं ते सापडतं, का ते कागदावर स्वतः अर्धं-अर्धं करत बघा, लॉगरिदम तिथेच डोक्यात बसतो (मला तरी तसाच कळला). इंडक्शन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाणं) आणि ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) आधी पक्के करा, उत्तर न बघता. आणि प्रोजेक्टला गाईड, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, नीट निवडा, विषयापेक्षा ते जास्त महत्त्वाचं.